कॅम्प पाचमधले लॉक

यांना भेटा. हे लॉक. कागदोपत्री नाव म्यूटेक्स, पण त्या नावानं यांना फक्त पुस्तकं हाक मारतात. मुक्काम उल्हासनगर, कॅम्प पाच. नेताजी चौकाजवळच्या एका गल्लीत जीन्सचं होलसेल दुकान आहे, त्या दुकानाच्या बिलिंग प्रोग्राममध्ये. दुकानाला पाटी आहे, प्रोग्रामला नाव आहे, यांना दोन्ही नाही. तरी आत शिरणाऱ्याला पहिले आडवे येतात ते हेच. आडवं येणं हा यांचा पेशा आहे आणि त्याबद्दल यांना कधी संकोच वाटल्याचं ऐकिवात नाही.

कॅम्प पाच पाहिलेल्याला यांची नेमणूक का झाली हे फार समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकी, फाळणीनंतर त्यांत उतरलेली सिंधी कुटुंबं, १९४९ च्या ऑगस्टात राजगोपालाचारींच्या हस्ते झालेली उल्हासनगरची पायाभरणी, आणि पुढं त्याच बराकींच्या जागी चढत गेलेल्या मजल्यांवर घरघरणारी शिलाई मशिनं. कटिंग एका गल्लीत, शिलाई दुसऱ्या, बटण-रिवेट तिसऱ्या, आणि तयार पँट पुन्हा पहिल्या गल्लीतल्या दुकानात. एकाच लॉटवर इथं सकाळपासून रात्रीपर्यंत इतके हात पडतात की शेवटचा हात कोणाचा, यावरून रोज एक तरी वाद होतो.

प्रोग्राम लिहिला बदलापूरच्या एका पोरानं. दुकानात दोन काउंटर, फोनवरच्या ऑर्डरींचं एक टेबल आणि गोडाऊनमध्ये आवक नोंदवणारा एक मोबाइल. प्रत्येकाची मागणी हाताळायला प्रोग्रामच्या आत वेगळा थ्रेड धावतो. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रामच्या पोटात स्वतंत्रपणे चाललेलं काम. कामं चार, साठ्याचा तक्ता मात्र एक. एका दुपारी काळ्या रंगाच्या एका लॉटचा शेवटचा सेट उरला होता. पहिल्या काउंटरच्या थ्रेडनं तक्ता वाचला: एक. त्याच क्षणी दुसऱ्यानंही वाचला: एक. दोघांनी आपापल्या मनात एकातून एक वजा केला आणि दोघांनी तक्त्यात शून्य लिहिलं. गणित दोघांचंही बरोबर. तक्त्यात शून्य, बिलं दोन, सेट एक. शेठजी पोराला म्हणाले, "साईं, माल एक, पार्टी दो. अब किसको मना करूँ?" दुसऱ्या दिवशी लॉक कामावर रुजू झाले.

यांच्याबद्दलचा मुख्य गैरसमज आधीच दूर करतो. सगळ्यांना वाटतं हे मालाची राखण करतात. यांना माल दिसतच नाही. तक्ता मेमरीत एकीकडे, हे दुसरीकडे, दोघांची साधी ओळखसुद्धा नाही. जो येऊन विचारेल त्याला 'जा' किंवा 'थांब' म्हणायचं, आत गेलेला बाहेर येईपर्यंत दुसऱ्याला सोडायचं नाही, एवढीच नोकरी. जो विचारायलाच येत नाही त्याच्याबद्दल यांचं काही म्हणणं नसतं.

प्रोग्राममध्ये पुढं एक रिपोर्ट आला. लिहिणाऱ्याला वाटलं, आपण तर नुसतं वाचणार. लॉककडे कशाला जायचं? रिपोर्ट एकेक लॉट मोजत पुढं सरकत होता, तेवढ्यात काउंटरवरून वीस पीस एका लॉटातून दुसऱ्या लॉटात हलवले गेले. रिपोर्टनं ते पहिल्या लॉटात मोजले होतेच, दुसऱ्यात पुन्हा मोजले. शेठजींचा साठा बसल्या जागी वाढला. लॉकना जाब विचारला तर चेहरा निर्विकार. माझ्याकडे कोणी आलं होतं का? नव्हतं. मग?

हा तर्क ऐकून संताप येतो, पण तो खोडून काढता येत नाही. रस्ट या भाषेच्या लोकांनी म्हणून यांच्याशी वाद घालणंच सोडून दिलं आणि माल यांच्या पोटात ठेवला. २०१५ साली पहिली पक्की आवृत्ती आलेल्या या भाषेत लॉकला हात न लावता आतल्या मालाला हात लावायचा रस्ताच नाही. तसं लिहिलं तर प्रोग्राम तयारच होत नाही. शिवाय आत गेलेला थ्रेड काम अर्धवट टाकून मेला, तर तिथले लॉक स्वतःला विषबाधा झाल्याचं जाहीर करतात आणि पुढच्याला सांगतात, आत काय अवस्था आहे याची हमी नाही, बघून जा. कॅम्प पाचचे आमचे गृहस्थ मात्र जावा या भाषेतले. यांना अजून असं काही होत नाही.

जावात यांचा जुना दबदबा आहे. १९९६ साली जावा पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा तिच्या व्हेक्टर आणि हॅशटेबल या दोन पेट्यांच्या जवळजवळ प्रत्येक दारावर लॉक बसवलेले होते. वाचायचं असो, लिहायचं असो, आधी यांची परवानगी. लोकांनी निःश्वास टाकला: झालं, आता सगळं सुरक्षित. आणि मग तोच शेवटचा सेट दोनदा विकला जाऊ लागला. कारण काउंटर दोन प्रश्न विचारतो. आधी "आहे का?" आणि मग "एक कमी कर." दोन्ही प्रश्नांच्या वेळी लॉक आपापल्या दारावर इमानेइतबारे हजर होते. मधल्या जागेत कोणी नव्हतं. दुसरा काउंटर तिथूनच घुसला. प्रत्येक पायरी सुरक्षित असली म्हणून जिना सुरक्षित होत नाही, हे या धंद्यात शिकायला बऱ्याच लोकांना बरीच वर्षं लागली. उपाय साधा निघाला: दोन प्रश्नांचा एक प्रश्न करायचा. "असेल तर एक कमी कर, नसेल तर तसं सांग." थ्रेड-सेफ डेटा स्ट्रक्चर, म्हणजे अनेक थ्रेडांनी एकदम हात लावला तरी न बिघडणारी पेटी, रचणाऱ्याचं अर्धं कौशल्य लॉक कुठं बसवायचं यात नसतं, पेटीनं बाहेरच्यांना कोणते प्रश्न विचारू द्यायचे हे ठरवण्यात असतं. लॉकना हे सांगून पाहा. ते म्हणतील, तो माझा विभाग नाही.

यांच्या स्वभावाला दोन बाजू आहेत आणि त्या गर्दीवर अवलंबून आहेत. दारात कोणी नसेल तर हे विजेसारखे चपळ. लिनक्सच्या २.६ आवृत्तीपासून तर अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टिमला उठवायचीही गरज राहिली नाही. प्रोसेसरची एक सूचना, काही दहा नॅनोसेकंद, या साहेब. पण दारात दोघं उभे राहिले की यांचा तालुका कचेरीतला बाबू होतो. दुसऱ्याला झोपवायचं, नाव लिहून ठेवायचं, पहिला बाहेर आला की दुसऱ्याला हलवून जागं करायचं. या झोपण्या-उठण्यात मूळ कामाच्या कितीतरी पट वेळ जातो. काही ठिकाणी यांचे एक भाऊ नेमतात, स्पिनलॉक. ते कोणाला झोपू देत नाहीत. उभा राहा आणि सारखं विचारत राहा, झालं का, झालं का. काम क्षणाचं असेल तर त्यांच्यासारखा माणूस नाही. काम लांबलं तर आख्खा प्रोसेसर 'झालं का' करत तापत बसतो.

डेडलॉकची हकीकत यांच्या नावावर कायमची लिहिली गेली आहे. लॉटागणिक वेगळे लॉक नेमल्यावर घडलेली. एकाला काळ्या लॉटातून निळ्यात माल हलवायचा होता. त्यानं काळ्याचं लॉक घेतलं. दुसऱ्याला निळ्यातून काळ्यात. त्यानं निळ्याचं घेतलं. मग पहिला निळ्यापाशी उभा, दुसरा काळ्यापाशी. दोघंही हातातलं सोडायला तयार नाहीत. यातली खरी भयंकर गोष्ट म्हणजे शांतता. भांडण नाही, लाल अक्षरांत चूक नाही, प्रोसेसर थंडगार. पडद्यावर गोल चक्र फिरतंय आणि काउंटरवरचा मुलगा गिऱ्हाईकाला सांगतोय, नेट स्लो आहे. कॉफमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय की असं कोंडलं जायला चार अटी एकदम जुळाव्या लागतात. एक मोडली तरी सुटका. बदलापूरच्या पोरानं सगळ्यात स्वस्त अट मोडली. नियम केला की कोणालाही दोन लॉक हवे असतील तर लहान नंबरच्या लॉटचं आधी घ्यायचं. काळ्याचा नंबर लहान, म्हणून मग दोघंही काळ्यापाशीच रांगेत उभे राहतात आणि निळं लॉक मोकळं राहतं. लॉकना स्वतःला हा क्रम ठाऊक नाही. तो माणसांनी पाळायचा असतो, आणि म्हणूनच नव्यानं नोकरीला लागलेला कोणीतरी तो कधीतरी मोडतो.

घराणं विचाराल तर चांगलं आहे. मूळ पुरुष म्हणून एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचं नाव घेतात. १९६५ साली त्यांनी एका लहानशा लेखात प्रश्न मांडला, एकाच वेळी धावणाऱ्या अनेकांपैकी एकच नाजूक जागेत कसा असेल, आणि तो सोडवलाही. पहिलं उत्तर डेकर या आपल्या देशबांधवाचं होतं, हेही ते सांगत. त्यांनीच सेमाफोर आणला. नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलं. रेल्वेकडे ही अक्कल आधीपासून होती. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरच्या हातात टोकनचा गोळा द्यायचा. गोळा नसेल तर पुढच्या स्टेशनाकडे गाडी काढायची नाही. गोळा एकच बाहेर निघेल अशी यंत्राची रचना. लॉकना ही आठवण करून दिली तर त्यांना बरं वाटतं. खानदानी लोकांना लोखंडाशी नातं सांगायला आवडतं.

दर्जा, पद, ज्येष्ठता यांच्या लेखी शून्य. जो आत आहे तो आत आहे. हा बाणा शोभून दिसतो, पण एकदा तो मंगळावर नडला. जुलै १९९७ मध्ये नासाचं पाथफाइंडर तिथं उतरलं आणि काही दिवसांत आपोआप पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागलं. हवामानाची नोंद करणारं कमी महत्त्वाचं काम लॉक घेऊन आत बसलेलं. फार महत्त्वाचं काम बाहेर ताटकळत. आणि या दोघांशी काही संबंध नसलेलं मधल्या दर्जाचं तिसरं काम प्रोसेसर अडवून आतल्याला बाहेर पडू देत नव्हतं. शिपाई आत, साहेब दारात, आणि हेडक्लार्क मध्ये टेबल लावून बसलेला. पहारा देणाऱ्या घड्याळानं शेवटी कंटाळून सगळं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पृथ्वीवरून दुरुस्ती गेली ती एक बटण चालू करण्याएवढी: बाहेर साहेब उभा असेल तर आतल्या शिपायाला तेवढ्यापुरता साहेबाचा दर्जा द्यायचा. सोय आधीपासून होती, फक्त बंद ठेवलेली.

आता यांचा एक गुण सांगतो जो ते स्वतः कधी सांगणार नाहीत, आणि बहुतेक लोकांना ठाऊकही नसतो. आजचा प्रोसेसर आणि प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारा कंपायलर हे दोघं फार घाईचे असतात. लिहिलेल्या क्रमानं कामं करायचीच असं त्यांचं नाही; आपल्या सोयीनं मागंपुढं करतात. एका थ्रेडनं आधी लॉटचा तपशील लिहिला आणि मग 'तयार' अशी खूण केली, तरी दुसऱ्या थ्रेडला खूण आधी दिसू शकते आणि तपशील नंतर. म्हणजे दुकानदारानं पाटी लावली, आत कपाट रिकामं. लॉक इथं गुपचूप काम करतात. एकानं लॉक सोडताना जे काही लिहून झालेलं असतं, ते त्यानंतर तेच लॉक घेणाऱ्याला पूर्ण दिसेल, याची हमी ते देतात. आडवं येण्याबद्दल सगळे यांना शिव्या घालतात. या हमीबद्दल कोणी चहासुद्धा पाजत नाही.

ही हमी नेमकी काय, हे कागदावर बसवायला जगाला वेळ लागला, आणि त्यात आपल्याकडच्या एका बाईंचा मोठा हात आहे. कांजुरमार्गला उतरून जिथं जातात त्या पवईच्या आयआयटीतून १९८७ साली बी.टेक. झालेल्या सरिता आडवे पुढं अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेल्या. तिथं मार्क हिल यांच्याबरोबर १९९० मध्ये त्यांनी जो करार मांडला तो थोडक्यात असा: तुम्ही तुमच्या सामायिक मालाला लॉकसारख्या साधनांनी नीट शिस्त लावा, दोघांची झटापट होऊ देऊ नका, मग यंत्रानं आत कितीही घाई केली तरी तुम्हाला सगळं क्रमानं घडल्यासारखंच दिसलं पाहिजे. शिस्त पाळली नाही तर हमी नाही. पुढं जावाचा मेमरीविषयीचा जुना गोंधळ निस्तरून २००४ च्या जावा ५ मध्ये नवे नियम आले, त्या कामातही त्या होत्या, आणि सी प्लस प्लसनं २०११ मध्ये हीच वाट धरली. तोवर अनेक हुशार लोक लॉकना बगल द्यायला एक युक्ती करत होते: आधी दारातून डोकावून बघायचं, गरज असेल तरच लॉककडे जायचं. जुन्या जावात ही युक्ती दिसायला निर्दोष आणि प्रत्यक्षात फुटकी होती. डोकावणाऱ्याला अर्धवट भरलेलं कपाट भरलेलं दिसायचं. एवढी वर्षं नुसते अडथळा समजले गेलेले लॉक तेव्हा जरा ताठ बसले असतील.

गर्दी वाढली की एका माणसानं भागत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्विगो इथले प्राध्यापक डग ली यांनी जावा ५ साठी जो हॅशमॅप, म्हणजे खाने पाडलेला तक्ता, दिला, त्यात तक्त्याचे सोळा भाग करून प्रत्येकावर स्वतंत्र लॉक बसवले. दोन काउंटर वेगवेगळ्या भागांतले लॉट विचारत असतील तर एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत. २०१४ च्या जावा ८ मध्ये ते सोळा अधिकारीही गेले आणि प्रत्येक खान्याच्या तोंडाशी एकेक बारकं लॉक आलं, तेही गरज पडली तरच. शेठजींच्या दुकानात हा मॅप आल्यावर काउंटर पळायला लागले. पण एक पंचाईत झाली. शेठजींनी विचारलं, "अभी इस टाइम टोटल कितना है?" आणि पोरगं अडखळलं. एकाच क्षणी सगळ्या खान्यांना थांबवणारं आता कोणी उरलं नव्हतं. मॅप जो आकडा देतो तो मोजता मोजताच शिळा होतो. व्यवहार चालू असताना तो अंदाजच. शेठजींना हे पटायला नको होतं, पण पटलं. ते म्हणाले, गल्ल्यातली रोकडपण दिवसभर अशीच असते, रात्री शटर पाडल्यावरच खरी. लॉकना मात्र अजून वाटतं की जुन्या काळी ते एकटे होते तेव्हा टोटल बरोबर यायची. यायची. पण एक माणूस मोजत असताना दुकान बंद असायचं.

यांचा एक चुलतभाऊ आहे, त्याच्याशी यांचं पटत नाही. त्याचं नाव कॅस, म्हणजे 'पाहिलेलंच अजून असेल तर बदल'. आयबीएमच्या सत्तरच्या दशकातल्या मोठ्या यंत्रांवर तो हुकूम म्हणून आला. हा कोणाला थांबवत नाही. प्रत्येकानं तक्ता वाचावा, आपलं गणित करावं आणि लिहायच्या क्षणी म्हणावं, मी पाहिलेला आकडा तसाच असेल तर हा नवा घे. मध्ये कोणी बदलला असेल तर पुन्हा पहिल्यापासून. आयबीएमच्याच ट्राइबर यांनी १९८६ मध्ये त्यावर स्टॅक बांधला, मायकेल आणि स्कॉट यांनी १९९६ मध्ये रांग बांधली. दोन्हींत आडवं येणारं कोणी नाही. एखादा थ्रेड मध्येच झोपी गेला तरी बाकीचे अडत नाहीत. लॉकना विचाराल तर ते नाक मुरडतात, बेशिस्त आहे सगळी.

पण या बेशिस्तीत एक फट आहे आणि ती लॉकना पाठ आहे. चुलतभाऊ फक्त आत्ताचा आकडा पाहतो, मधला इतिहास नाही. साठा एकचा शून्य झाला आणि एका पार्टीनं माल परत केल्यामुळे पुन्हा एक झाला, तर त्याला काही बदललेलं वाटत नाही. आकड्याच्या बाबतीत यानं काही बिघडत नाही. पण यादीतल्या एका कडीचा पत्ता जर असा गेला, ती कडी मोडीत निघाली, तीच जागा दुसऱ्याच कडीला मिळाली आणि पत्ता पुन्हा तोच दिसला, तर चुलतभाऊ खुशाल जुनी साखळी नव्या कडीला जोडून मोकळा होतो. यादी कुठून कुठं जाते ते मग कोणालाच कळत नाही. इलाज म्हणून प्रत्येक बदलाबरोबर वाढत जाणारा एक नंबर चिकटवतात. लॉकना तो नंबर बघून फार समाधान मिळतं.

वाचक-लेखक लॉक म्हणून एक धाकटे बंधूही आहेत. वाचणारे कितीही एकदम आत सोडतात, लिहिणारा मात्र एकटाच. भले गृहस्थ, पण वाचणाऱ्यांची रीघ लागली तर लिहिणाऱ्याला विसरून जातात. भाव बदलायला आलेला थ्रेड दारात तसाच उभा.

चाचणीच्या वेळी यांच्याइतकं सालस कोणी नाही. पोरगं घरी बदलापूरला दोन थ्रेड लावून तपासतं, सगळं सुरळीत. सणाच्या सीझनला चार जणांनी एकदम बटण दाबलं की घोळ. घोळ शोधायला प्रोग्राममध्ये जागोजागी 'इथं आलो, इथं आलो' छापायच्या ओळी घातल्या की घोळ गायब, कारण छापण्यात वेळ जातो आणि दोन थ्रेड एकमेकांना गाठतच नाहीत. ओळी काढल्या की घोळ परत. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात जो अंधार पडला, त्या दुपारी ओहायोतल्या एका वीज कंपनीची धोक्याची सूचना देणारी यंत्रणा अशाच एका झटापटीनं मुकी होऊन बसली होती. लॉक नेमून दिलेल्या जागी असते तर ते घडलं नसतं. पण लॉक कोणाच्या स्वप्नात जाऊन सांगत नाहीत की मला इथं नेमा.

शेवटी पोरानं दुकानाची रचनाच बदलली. टोनी होर यांनी १९७८ मध्ये मांडलेला विचार त्यानं उचलला: माल सगळ्यांनी वाटून घेऊन भांडण्यापेक्षा एकमेकांना निरोप पाठवा. आता साठ्याच्या तक्त्याला फक्त एकच थ्रेड हात लावतो. बाकी सगळ्यांनी आपल्या मागण्या रांगेत टाकायच्या आणि उत्तराची वाट बघायची. लॉक त्या रांगेच्या तोंडाशी बसतात. काम उरलं आहे चिठ्ठी आत घेण्याएवढं. शेवटचा सेट आता दोनदा विकला जात नाही, कारण विकणारा एकच आहे. यांच्या अधिकाराचं इतकं आकुंचन झालं तरी तक्रार नाही. थोडा वेळ आडवं यायचं आणि बाजूला व्हायचं, यात यांची तब्येतही बरी राहते. मला तर वाटतं, चांगल्या रचनेत लॉक असावेत, पण त्यांना शोधावं लागावं.

मग शेठजींनी अंबरनाथला दुसरं दुकान काढलं. तिथं वेगळा कॉम्प्युटर, त्यावर तोच प्रोग्राम, आणि त्यात तसेच दुसरे लॉक. दोन्हीकडे एकच साठा दिसत होता. उद्घाटनाच्या दिवशीच एक सेट कॅम्प पाचमध्येही विकला गेला आणि अंबरनाथमध्येही. शेठजी भडकले, "लॉक है ना? फिर?" होते की. इकडचे इकडे जागे होते, तिकडचे तिकडे. पण यांची हद्द म्हणजे ज्या प्रोग्राममध्ये राहतात त्याच्या चार भिंती. शेजारच्या यंत्रात काय चाललंय याची यांना खबर नाही आणि त्यात लक्ष घालणं यांच्या स्वभावात नाही.

रेल्वेच्या आरक्षणापुढं हाच पेच होता. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं १९९९ मध्ये एकमेकांना जोडली गेली, ती प्रत्येक गाडीचा हिशेब एकाच केंद्राकडे ठेवून. बर्थ हवा असेल तर बाकीच्यांनी तिथं विचारायचं. पोरानंही तेच केलं. दोन्ही दुकानांचा साठा एका डेटाबेसमध्ये ठेवला आणि वजाबाकीचा हुकूम एकाच वाक्यात लिहिला: साठा एकाहून कमी नसेल तरच वजा कर. ते वाक्य चालू असेतो डेटाबेस ती ओळ दुसऱ्या कोणाला बदलू देत नाही. त्याचे लॉक वेगळे, त्यांचा रुबाब वेगळा, ते ओळख देत नाहीत.

हे सगळं समजावून सांगितल्यावर शेठजींनी थोडा विचार केला.

"तो वो पुराना वाला? उसको निकाल दिया?"

"नहीं सेठजी, है. रांगेपाशी बसतो अजून."

"तनख़्वाह तो नहीं लेता ना?"

"नहीं."

"फिर रहने दे."